लिफ्टचा आवाज आणि ताईचं अपील

ताई शाळेत शिकवायची. कुणालाही कुठल्याही परीक्षेत पास करून दाखवील, अशी तिची ख्याती! या वेळी मात्र बाबांना नापास करायचं होतं.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. "चालतात की आता!" म्हणून पुनर्वसन केंद्राने त्यांना घरी धाडायचं ठरवलं. घर तिसऱ्या मजल्यावर. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाबांच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्टच नव्हती! जिन्यात ते पुन्हा पडले तर? ताईने त्या निर्णयाविरुद्ध अपील ठोकलं.

"बाबा, अपिलासाठी तपासायला डॉक्टरबाई येतील. जिना जमत नाही, असं स्पष्ट सांगा."

"बरं. पण अगं, इथली लिफ्ट कण्हते, ऐकलंस? कशाने असेल?"

"आज तुम्ही कण्हा! लिफ्टचं राहू द्या!"

डॉक्टरबाई आल्या, लिफ्टमध्ये शिरल्या आणि दोन मजल्यांच्या मधोमध अडकल्या. एकच धावपळ! कुणी दार बडवतंय, कुणी फोन फिरवतंय. थोड्या वेळाने लिफ्ट खडखडत आपली आपण वर आली. ताईने हुश्श करून मागे पाहिलं, तर बाबांची खाट रिकामी!

"पेशंट कुठे आहेत?" डॉक्टरबाईंनी घाम पुसत विचारलं.

"बाथरूममध्ये," ताईने ठोकून दिलं.

"सापडलं गं!" गच्चीच्या जिन्यातून बाबांचा खणखणीत आवाज आला. "वरच्या मशीनचा ब्रेक चिकटत होता!"

सगळे तिकडे धावले. जिन्याच्या टोकाला बाबा उभे, हात ग्रीसने काळे, चेहरा फुललेला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं ताईला झालं.

"जिना जमत नाही म्हणे!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "या आजोबा, खाली या."

बाबांनी पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं. मग दोन्ही हातांनी कठडा धरला.

"चढताना त्या आवाजाच्या नादात कळलंच नाही," ते हळूच म्हणाले. "उतरायची भीती वाटते गं."

ताईचा राग कुठल्या कुठे पळाला.

"यांना उतरायला शिकवलंय का कुणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं. केंद्रात व्यायाम शिकवणारे भाऊ छताकडे बघू लागले.

"मग ते शिकल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. अपील मंजूर!"

"बाबा, जिंकलो!" ताई ओरडली.

"जिंकलो गं," वरून बाबा म्हणाले, "पण आधी मला कुणीतरी खाली आणा!"