सात किलो दोनशे ग्रॅम

दाजी परब घर बघायला निघाले की सात किलो दोनशे ग्रॅम तांदूळ दुपट्यात गुंडाळून खांद्याशी घेत. घर आमचं, बाळ आमचं, दुपटंही आमचं. तांदूळ मात्र त्यांचे, गावाहून आलेले उकडे.

ब्याऐंशी साली माझी सांगलीहून अंधेरीच्या कचेरीत बदली झाली. माझं वय चाळीस, लग्नाला चौदा वर्षं झालेली आणि मुलगी सात महिन्यांची. कंपनीने अंधेरीत एक खोली दिली होती, तीही महिनाअखेरपर्यंतच. गाडी सोडाच, स्कूटरही नव्हती. जायचं ते पायी, नाहीतर बसने, नाहीतर लोकलने. शिवाय मिरजेहून सासऱ्यांचं पत्र आलं होतं, 'घर मिळत नसेल तर दोघींना वर्षभर इकडे पाठवून द्या, लहान जिवाचे हाल नकोत.' पत्रात चुकीचं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते मला खिशात जड वाटत होतं.

दाजी आमच्या कचेरीत स्टोअर सांभाळत. वय चोपन्नच्या आसपास, मूळ मालवणकडचे, राहायला घाटकोपरच्या डोंगरावर. टाचणीसुद्धा मोजून देत, म्हणून मला हा माणूस पहिल्याच दिवशी आवडला. एरवी ते कोणाच्या अध्यात ना मध्यात. एकदा डबा खाताना मी पत्राचा विषय काढला. ते म्हणाले, "पाठवणार?"

"घर नाही मिळालं तर पाठवावंच लागेल."

त्यांनी डबा बंद केला. अर्धी पोळी आत तशीच राहिली. मग म्हणाले, "बाळाचं वजन किती?"

दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या काट्यावर बाळाच्या वजनाइतके तांदूळ तोलले गेले. दुपट्यासकट धरायचं की दुपटं सोडून, असं मी विचारलं.

"बाळाक काय उघडा न्हेतलात? दुपट्यासकट."

"पण मग पिशवीत घेऊ या ना. सोपं पडेल."

"देवधर, बाळाला हँडल नसतं."

माझी पद्धत वेगळी होती. मी एका वहीत रकाने आखले होते. क्षेत्रफळ, उजेड, वारा, पाणी किती तास, स्टेशन किती मिनिटं, भाडं. प्रत्येकाला दहापैकी गुण. दाजींच्या डाव्या खिशात वीस चिंचोके असत. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशात जाई. माझी वही बघून ते म्हणाले, "छान आहे. आता पायांक इचारूया." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कागदावर कितीही गुण मिळोत, शेवटचं मत पायांचं.

पहिलं घर दिंडोशीच्या नव्या वसाहतीतलं. माझ्या वहीत त्याला साठापैकी एकावन्न. दोन्ही खोल्यांना खिडक्या, समोर टेकडी, वारा असा की माझी वही दोनदा उडाली. आम्ही शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर गेलो. दाजींनी वेळ मुद्दाम ती धरली होती. "बाळाचा ताप ऊन उतरायची वाट बघत नाय."

डाव्या खांद्याशी गाठोडं, उजव्या हातात दोन किलो बटाट्यांची पिशवी आणि काखेत छत्री, असे दाजी गोरेगावला बसच्या रांगेत उभे राहिले. पहिल्या बसची पायरी फार उंच निघाली. दुसऱ्या बसला ते चढणार एवढ्यात कंडक्टरने घंटी मारली.

"छत्री माझ्याकडे द्या ना," मी म्हणालो.

"तुम्ही कचेरीत आहात. वहिनी एकटी आहे. एका हातात बाळ, दुसऱ्यात पिशवी, तिसऱ्यात छत्री."

"तिसरा हात कुठला?"

"तोच तर बघायचाय!"

तिसरी बस आलीच नाही. आम्ही चालत निघालो. चढावर वीसही चिंचोके उजव्या खिशात जाऊन संपले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. दारापाशी दाजी कठड्यावर टेकले, गाठोडं मांडीवर आडवं घेतलं आणि घाम पुसला. तीन हजार एकशे पावलं. "घर झकास आहे," ते म्हणाले. "पण पाय नाय म्हणतत."

एकावन्न गुण मी पेन्सिलीने खोडले. मला फार वाईट वाटलं.

दुसरं घर बोरिवलीचं. तिथे एक दलाल होता, सफारीतला. "स्टेशनपासून पाच मिनिटं, साहेब."

दाजींनी विचारलं, "कोणाची पाच मिनिटं?"

"म्हणजे?"

"तुझी की बाळाच्या आईची?"

दलालाने गाठोड्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाळ फार शांत आहे हो तुमचं."

"वळणच तसं आहे," दाजी म्हणाले.

घर पूर्वेला आणि मुलांचा डॉक्टर पश्चिमेला. मधे रेल्वेचा पूल. दाजींनी पूल चढून उतरून बघितला, मग उलट चढून उतरून बघितला. वरच्या पायरीवर एका आजीबाईंनी त्यांना अडवलं. "अहो, काही कळतं का? लेकराचं तोंड झाकलंय सगळं! गुदमरेल ना!" दाजींनी वाद घातला नाही. दुपट्याचं टोक थोडं मागे केलं. आजीबाईंनी आत डोकावून बघितलं आणि त्या भराभर पूल उतरून गेल्या.

बोरिवलीही गेली. घरी मी हे सांगितलं तेव्हा माझी बायको सुधा हसून हसून दमली. मग म्हणाली, "पण खरं सांगू का? पुलाचं मला सुचलंच नव्हतं. मी ओट्याची उंची विचारणार होते."

आठवडाभराने दाजींनी गाठोड्यात मूठभर तांदूळ आणखी घातले. "बाळ वाढतंय." तोवर त्यांनी पाच घरं नापास केली होती आणि महिना संपायला आठ दिवस उरले होते. स्टोअरमध्ये जाऊन मी जरा चढ्या आवाजातच बोललो. "दाजी, तुम्हाला एकही घर पसंत पडणार नाही. त्यापेक्षा दोघींना मिरजेला पाठवतो. वर्षाचाच तर प्रश्न आहे."

दाजी टाचण्यांची डबी मोजत होते. ती त्यांनी खाली ठेवली.

"मी पण वर्षच म्हटलेलं," ते म्हणाले.

मला काही समजलं नाही.

"घाटकोपरची खोली. पाण्याचा नळ डोंगराखाली. पोर दोन महिन्यांची. बायको एका काखेत पोर आणि दुसऱ्या काखेत कळशी घेऊन चढायची. एक दिवस पडली. लागलं नाही कोणाला, पण घाबरली. म्हटलं, वर्षभर गावाक रव. तोवर खालती खोली बघतो." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "मग गावच्या घरी आईचं आजारपण, शेती, पोरीची शाळा. चोवीस वर्षं झाली. गणपतीक जातो, मे महिन्यात जातो. पोर रांगायला लागली ते पत्रात वाचलं. चालायला लागली तेही पत्रातच. गेल्या वर्षी लग्न झालं तिचं."

"आणि तुम्ही अजून त्याच खोलीत?"

"एकशे बारा पायऱ्या आहेत. ती होती तेव्हा मी मोजल्या नव्हत्या. ती गावाक गेल्यावर मोजल्या."

मी माझ्या टेबलाशी परत आलो. त्या दिवशी माझ्या हातून एक बेरीज चुकली. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

त्यानंतरचे चार दिवस कचेरी सुटली की दाजी गाठोडं घेऊन एकटेच कुठेतरी जात. पाचव्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "चला. पारल्याला."

विलेपार्ले पूर्व. जुनी दुमजली इमारत, पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूची एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी उघडली की शेजारची भिंत. वाऱ्याला शून्य, उजेडाला दोन. वहीत एकूण एकोणतीस, म्हणजे सगळ्यांत खाली. मालकीणबाई सत्तरीच्या होत्या आणि दारातच स्पष्ट बोलल्या. "लहान मूल असेल तर नको बरं का. मला रडणं सोसत नाही." एवढं बोलून त्यांनी दाजींकडे बघितलं. दाजी उभ्या उभ्या डोलत होते आणि गाठोड्याच्या पाठीवर थोपटत होते. मला वाटतं, हे आपण करतोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

बाईंचा सूर बदलला. "बरं, आधी त्याला खाली तरी ठेवा. हात भरून आला असेल तुमचा."

दाजींनी गाठोडं बाईंच्या पलंगावर ठेवलं. आधी डोक्याखालचा हात सैल केला, मग पायांकडचा. बाजूला उशी लावली, पडू नये म्हणून. बाईंनी कौतुकाने दुपट्याचं टोक उचललं.

"अगं बाई! तांदूळ?"

मी घाईघाईने सगळं सांगितलं. वजन, पायऱ्या, पूल, सासऱ्यांचं पत्र. बाई ऐकत होत्या, पण बघत होत्या त्या उशीकडे. शेवटी म्हणाल्या, "तांदळाला उशी लावणारी माणसं आहात. बाळाला फार रडू देणार नाही तुम्ही. एक तारखेला या."

खाली उतरल्यावर दाजींनी निकाल सांगितला. "अठरा पायऱ्या. फाटकापासून स्टेशन सहाशे चाळीस पावलं. मुलांचा डॉक्टर दोनशे दहा, मधे रस्ता ओलांडायचा नाय. दूध केंद्र नव्वद. आणि चढ नाय. कुठेच नाय." एवढं एका दमात सांगून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाय हो म्हणतत, देवधर."

मी सासऱ्यांना पोस्टकार्ड टाकलं आणि त्या रात्री खूप दिवसांनी सलग झोपलो.

आम्ही एकऐवजी एकतीस तारखेला गेलो. रविवार होता. सकाळी टेम्पोतून सामान पोचवलं आणि दुपारी मी सुधाला आणि बाळाला, म्हणजे मनूला, आणायला गेलो. दाजी गाठोडं घेऊन बरोबर होतेच. पारल्याला उतरलो तशी सुधा त्यांना म्हणाली, "दाजी, आता खऱ्या बाळाची परीक्षा घ्या. तांदूळ मी धरते."

दाजींनी दोन्ही हात शर्टाला पुसले. मनूला घेतलं. ती मोठ्या माणसांकडे टकमक बघणारी मुलगी होती. तिने त्यांचा चष्मा ओढला, मग कॉलर धरली आणि खांद्यावर गाल टेकला. दाजी चालू लागले. एरवी त्यांचे ओठ हलत, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव करत. आज ते हलत नव्हते. रस्त्यात ते मनूला काहीतरी सांगत होते, मालवणीत. नारळाच्या दुकानापाशी थांबून त्यांनी तिला नारळ दाखवला. फाटकाशी आलो तेव्हा मी सवयीने विचारलं, "किती झाली?"

ते गोंधळले. "मोजायची राहिली," म्हणाले. "परत मोजूक होयी." आणि मनूला घेऊन ते वळले आणि सरळ स्टेशनच्या दिशेने चालू लागले.

मी हाक मारणार होतो. सुधाने माझी बाही धरली. "जाऊ द्या हो. मी भात टाकते."

वर जाऊन तिने दुपट्याची गाठ सोडली. गोरेगाव, बोरिवली, सगळं हिंडलेले ते तांदूळ. त्यातले तिने वाटीभर धुतले. मी खाली फाटकाशी उभा राहिलो. भाताचा वास जिन्यापर्यंत आला तेव्हा दाजी परतले. मनू त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती आणि ते पाय उचलण्याआधी विचार करावा तसे चालत होते.

"किती झाली?" मी हळूच विचारलं.

त्यांनी मोकळ्या हाताने उजवा खिसा चाचपला. रिकामा. डाव्या खिशात वीसच्या वीस चिंचोके.

"परत चुकली," दाजी कुजबुजले. "जेवून पुन्हा जातो."