हात सोड, मग मोजते

मुमताज माणसाच्या तोंडाकडे आधी पाहतच नाही, पायाकडे पाहते. माझ्या पुतण्याच्या लग्नात सगळ्या बाया नवरदेवाचा फेटा पाहत होत्या, आणि ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, उजव्या पायावर भार देऊन नाही राह्यला पोट्टा. बूट चावते वाट्टे त्याले." बूट चावतच होता. एक नंबर लहान आणला होता.

ती आमच्या गावच्या अंगणवाडीची सेविका. मूळची दारव्ह्याची, बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. लग्न झालं नाही. गावातच दोन खोल्या करून एकटी राहते. मी त्याच अंगणवाडीत मदतनीस होते. खिचडी शिजवायची, झाडझूड करायची. शिक्षण चौथी, पण तेवढ्या कामाला ते पुरलं.

बाकीच्या सेविका लेकरू वजनकाट्यावर ठेवतात, रजिस्टर भरतात, झालं. हिचं त्यात भागत नाही. ही फरशीवर खडूची रेघ मारते आणि एकेकाला बोलावते. दोन्ही पाय जोडून रेघेपलीकडे उडी मारायची, ओट्याच्या पायऱ्या चढायच्या, चेंडूला लाथ मारायची. शेवटी एका पायावर उभं राहायचं आणि ही मोजणार. "तिनाच्या लेकराले दोन, पाचाच्या लेकराले पाच." आया हळूच हात पुढे करायच्या. ही लगेच ओरडायची, "हात सोड, मग मोजते! परीक्षा तुही हाये का लेकराची?"

एकदा सरपंचाचा नातू दोनाच्या आतच टेकला. त्याची आजी म्हणाली, "लिहून टाक न वं बाई दोन." मुमताज म्हणाली, "लिहिल्यानं पाय मजबूत होते काय?" सरपंचाच्या घरून महिनाभर हिला चहाचंही बोलावणं आलं नाही. हिला ते कळलंही नाही.

स्वतः करून दाखवताना मात्र एक हात दाराच्या चौकटीला लावायची आणि मग पाय उचलायची. त्यामुळे आमच्या गावची अर्धी लेकरं पाय उचलायच्या आधी चौकट शोधत. चालताना मुमताज डुलते. बाई अंगानं भरलेली, तेव्हा आम्ही ते वजनावर ढकलून मोकळे झालो होतो.

माझी नात समू तिसरं संपत आलं तरी बदकासारखी चालत होती. मुमताज रोज म्हणायची, "काकू, आणा तिले रेघेवर." मी आठ दिवस टाळलं. कधी सर्दी सांगितली, कधी आंघोळ झाली नाही म्हटलं. शेवटी आणली, आणि खरं सांगते, लबाडी केली. पोरीनं पाय उचलला तसा मी मागून तिचा फ्रॉक मुठीत धरला.

"एक..." मुमताज थांबली. "काकू, मले पोरीचा पाय पाहाचा हाये. फ्रॉकची शिलाई नाही."

सगळ्या बाया हसल्या. माझं डोकं फिरलं. "लेकरू हाये ते. मोठी झाली का चालन आपोआप," मी म्हटलं. "पोटचं असतं तर समजलं असतं तुले."

बोलू नये ते बोलले. परत मात्र घेतलं नाही.

मुमताजनं रजिस्टर मिटलं. "आपोआप चालते, काकू. पण कसं चालते, ते मले ठाऊक हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जीप घेऊन दारात उभी. यवतमाळच्या दवाखान्यात फोटो काढला. समूच्या खुब्याचा सांधा जागेवरच नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर जन्मभर लंगडली असती. ऑपरेशन झालं. कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. ते निघाल्यावर मुमताज रोज अंगणवाडी सुटली की आमच्या अंगणात यायची, रेघ मारायची, पोरीला चालवायची. पोरगी रडायची, मी शिव्या द्यायचे, मुमताज चहा पिऊन घरी जायची.

यंदा समू पाचाची झाली. मी तिला अंगणवाडीत रेघेवर उभी केली आणि माझे हात पदराखाली घट्ट बांधले. समूनं पाय उचलला. मुमताजनं सावकाश मोजलं. पाच झाले. तिनं रजिस्टरात लिहिलं, आणि लिहिताना नाक पुसलं.

"आता तू कर," समू म्हणाली.

मुमताजनं सवयीनं चौकटीला हात लावला.

"हात सोड, मग मोजते!" पोरगी ओरडली.

मुमताज हसली, पण हात काही सुटेना. "मले नाही येत बेटा. मी लहान होती तवा माहा पाय कोणी पाह्यलाच नाही."

इतकी वर्षं मी हिच्या शेजारी खिचडी ढवळली. मीही पाहिला नव्हता. तेव्हाचं ते पोटच्या लेकराचं बोलणं मला आठवलं. माफी मागायची मला सवय नाही. मी उठले, तिच्या मागे गेले आणि कमरेला खोचलेला तिचा पदर मुठीत धरला.

"सोड आता चौकट," मी म्हटलं.

तिनं सोडली. पाय उचलला. भरल्या अंगाची बाई झाडासारखी हलली.

"एक..." समू मोजायला लागली. "दोन..."

"काकू," मागे न पाहता मुमताज म्हणाली, "पदर सोडू नका."