रुमालांची रांग

अनसिंगच्या माणसाला मी रांग लावायला शिकवली तर माझ्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचा सगळा पराक्रम मी निव्वळ समाजसेवा म्हणून केला, असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. मला मिळणार होती वाशीमची बदली! आणि इंद्रभान कंडक्टरला मिळणार होत्या आठवड्याला पाच गुंड्या. दाराशी होणाऱ्या रेटारेटीत त्याच्या खाकी सदऱ्याच्या सरासरी तेवढ्याच तुटायच्या. मी मोजल्या होत्या.

साल शहात्तर, आणीबाणीचं. मी, देवमन, अनसिंगच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. स्टँड म्हणजे एक टिनाची खोली, एक कडुनिंब आणि मेहबूबभाईचं चहाचं दुकान. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत सगळ्या माझ्याच वहीत चढायच्या, त्यामुळं मुक्काम तिथंच, पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत. बायको अंजना आणि दोन पोरी वाशीमला. सुटीच्या दिवशी मी घरी गेलो की धाकटी दारात पाण्याचा पेला आणून द्यायची आणि आत जाऊन आईला सांगायची, "पाहुणे आले!"

त्या वर्षी जिकडे पाहावं तिकडे शिस्तीच्या पाट्या होत्या. अकोल्याच्या साहेबांनी सगळ्या कंट्रोलरांना सात दिवसांच्या शिबिराला बोलावलं. तिथं नागपूरचे एक प्राध्यापक म्हणाले, "माणसाला उपदेश करू नका. तो जे करतो ते का करतो, हे आधी मोजा. मग त्याच्याच सवयीला जरासं वळण द्या." बाकीचे कंट्रोलर घोरत होते. मी एकटा जागा होतो! शेवटच्या दिवशी साहेबांना विचारलं, "साहेब, अनसिंगला रांग लावून दाखवली तर?"

साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "अनसिंगला? दाखवा! वाशीमची जागा रिकामी आहे. तुमची!"

उपदेश करून मी आधीच थकलो होतो. 'रांगेत उभे राहा' अशी पाटी लावली, तर तिच्या खांबाला लोक बकऱ्या बांधू लागले. शिट्टी फुंकली, तर ड्रायव्हर गाडी सुरू करून निघून जायचा!

तेव्हा मी मोजायला बसलो. दहाची पुसद गाडी आमच्या स्टँडवरूनच भरून सुटायची. खरी लढाई तिची. आठ दिवसांत जागा धरण्यासाठी खिडकीतून आत पडलेला माल असा: रुमाल दोनशे अकरा, पिशव्या अठ्ठेचाळीस, टोप्या सतरा, दह्याचं गाडगं एक (इंद्रभानच्या डोक्यावर), आणि कुणाचा तरी नातू एक, हसत.

पण या मोजणीत मला एक हिरा सापडला. एवढ्या मारामारीत कुणीही, एकदाही, सीटवर पडलेला दुसऱ्याचा रुमाल उचलला नव्हता! शेताच्या धुऱ्यासाठी कोर्टात भांडणारे दोन भाऊ माझ्या डोळ्यांदेखत पुसदपर्यंत उभे गेले, पण एकानं दुसऱ्याचा रुमाल सरकवला नाही. म्हणजे आमचा माणूस बेशिस्त नव्हताच. त्याला फक्त उन्हात उभं राहणं नामंजूर होतं. रुमालाची इज्जत तो प्राणपणानं पाळत होता. मग तो रुमाल सीटवर पडण्याऐवजी जमिनीवर पडला तर?

मी कडुनिंबाखाली चुन्यानं साठ चौकटी आखल्या आणि नंबर घातले. यायचं, चौकटीत रुमाल ठेवायचा, वर खडा ठेवायचा आणि खुशाल सावलीत बसायचं. गाडी लागली की रुमालाच्या नंबरानं चढायचं.

मेहबूबभाई म्हणाला, "कंट्रोलर साब, ये क्या, लंगडी खेलने का है क्या?"

"आठ दिवस थांबा, मेहबूबभाई."

"आठ दिन में तो बकऱ्या चुना चाटून टाकतील!"

आता गरज होती राखणदाराची. शहाण्या माणसाचं तिथं काम नव्हतं. मी निवडली भागिरथाबाई! वांग्यांची डाली घेऊन पुसदच्या बाजाराला जाणारी, आणि खिडकीतून डालीसकट आत शिरणारी स्टँडवरची एकमेव व्यक्ती. तिनं हाक मारली की मागच्या वळणावरचा ड्रायव्हर ब्रेक लावायचा.

"भागिरथामावशी, ही रांग आजपासून तुमच्या हवाली."

"मले काय भेटंन?"

"मान!"

"मान घिऊन काय वांग्याच्या भाजीत टाकू?"

मी खोलीतलं माझं स्टूल आणून निंबाखाली ठेवलं. ती बसली. चारी बाजूंना पाहिलं. मग रांगेसाठी पहिला आवाज लावला, "ए टोपीवाल्या! चौकट सोडून रुमाल काहून टाकला बे? डोये हायेत का बटनं?"

झालं! चौथ्या दिवशी रांग लागली! इंद्रभानच्या सगळ्या गुंड्या जागच्या जागी. तो सदऱ्यावरून हात फिरवत म्हणाला, "देवमनभाऊ, मले त उघडं पडल्यावानी वाटून राह्यलं. कोनी ओढूनच नाई राह्यलं!" मेहबूबभाईनं त्या दिवशी माझ्या चहात आपणहून आलं टाकलं. मी कसा चालत होतो म्हणून सांगू! जणू पुसदपर्यंतचा रस्ता मीच डांबरला होता.

पण रुमालाच्या इज्जतीला सीमा नव्हती. पुढच्या आठवड्यात प्रवासी नसलेले रुमाल येऊ लागले. "उद्या जावं लागलं त असू दे" म्हणून लोक आजच ठेवून जायचे. एकानं मुलीच्या सोयरिकीत सांगितलं म्हणे, की आमच्याकडे बारमाही तीन नंबर आहे! चौकटी साठ, रुमाल साठ आणि माणसं अकरा! आणि दुसऱ्याचा रुमाल उचलायला कुणाचा हात धजेना.

मी डगमगलो नाही. प्राध्यापकांचं म्हणणं आठवलं, माणूस शब्द दिला की अडकतो, आणि चारचौघांत दिला की जास्तच. मी नियम केला: ज्यानं रुमाल ठेवला त्यानं गाडीत बसलंच पाहिजे, तो चढल्याशिवाय मागच्यांनी चढायचं नाही. भागिरथाबाईनं आपल्या पदरचं कलम जोडलं, "अन् जो बसनार नाई, त्याचा रुमाल मी निंबाले टांगीन. जानारा येनारा पाहीन!"

दोन दिवसांत फालतू रुमाल गायब! तिसऱ्या दिवशी तर खुद्द भागिरथाबाईनं रुमाल ठेवल्यावर घरून निरोप आला, बकरी व्यायला झाली. मी म्हटलं, "जा मावशी, तुम्हाला सूट." ती म्हणाली, "सूट मंग साऱ्यायलेच द्या लागंन," आणि चरफडत पुसदला जाऊन आली. माझी छाती इंचभर फुगली. मी अकोल्याला कळवलं: रांग लागली आहे, पाहायला यावे.

साहेब बाजाराच्या दिवशी जीपनं आले. त्यांना नंबर स्वच्छ दिसावा म्हणून पहिली चौकट मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. पाठीमागं एकोणसाठ रुमाल, कडक इस्त्रीतल्या पोलिसांसारखे. साहेबांनी पूर्ण रांग चालत पाहिली. हरखून गेले.

"देवमन, हे प्रवाशाच्या जागेवरून पाहिलं पाहिजे!" असं म्हणून ते पहिल्या चौकटीतच खाली बसले. पँटला चुना लागू नये म्हणून आपला रेशमी रुमाल अंथरला. कोपऱ्यात बाईसाहेबांच्या हातचं गुलाबाचं फूल. मेहबूबभाईचा चहा प्याले. "वाशीमचा हुकूम या आठवड्यात काढतो," म्हणाले आणि उठून बाजूला झाले. रुमाल तिथंच राहिला.

गाडी लागली. इंद्रभाननं दार उघडलं. एकोणसाठ माणसं आपापल्या चौकटीमागं उभी राहिली. आणि कुणीही हललं नाही!

"चढा ना!" मी म्हटलं.

"कसं चढावं?" भागिरथाबाई स्टुलावरून म्हणाली. "पयला नंबर बाकी हाय."

साहेब हसले. "अहो बाई, मी जीपनं आलोय. मला पुसदला नाही जायचं."

"मंग रुमाल कायले टाकला?"

"बसायला!"

"सारेच बसाले टाकतेत. उभं राहाले कोन टाकते?"

मी पुढं झालो. "मावशी, साहेबांना सूट."

"अस्सं! माही बकरी व्याली तवा मी सूट घेतली होती का? करडू आडवं आलं, शेजारीन होती म्हून वाचलं! अन् साहेबाची कोनती बकरी अडली?"

मागून चौतीस नंबर ओरडला, "नियम म्हंजे नियम! बाजार निंघून चालला, बसा न लवकर!"

साहेब रुमाल उचलायला वाकले. भागिरथाबाईनं त्यांच्याआधी निंबाकडं बोट दाखवलं. एकोणसाठ माना आधी निंबाकडं वळल्या, मग साहेबांकडं. त्या गुलाबाच्या फुलाला घाम फुटला असेल! आणि ते साल शिस्तीचं. साहेबांच्या जीपवरच मोठ्या अक्षरांत शिस्तीचं वाक्य रंगवलेलं होतं. साहेबांनी ते वाचलं. रुमाल झटकला. आणि गाडीत चढले!

त्यांच्यामागं माणसं अशी शांतपणे चढली, की कंट्रोलर म्हणून जन्म सार्थकी लागला. इंद्रभाननं साहेबांना पुसदचं तिकीट फाडून दिलं. पहिल्या चौकात उतरून मागच्या जीपमध्ये बसायचा साहेबांचा बेत असावा. पण बाजाराची गाडी! उभ्या माणसांची भिंत, तिच्यात तीन कोंबड्या, आणि दाराच्या वाटेत भागिरथाबाईची डाली. ती म्हणाली म्हणे, "आता कुठी उठता? तिकीट पुसदचं हाय न?" साहेब पुसदला उतरले तेव्हा त्यांच्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू झोपलेलं होतं.

पंधरा दिवसांनी लखोटा आला. मी मेहबूबभाईच्या दुकानात सगळ्यांसमोर तो मोठ्यानं वाचला. "अनसिंग येथील प्रयोग विभागात अद्वितीय असून नियमांची अंमलबजावणी मी स्वतः अनुभवली आहे." टाळ्या! "श्री. देवमन यांची तेथील उपस्थिती अत्यावश्यक वाटते." आणखी टाळ्या! "सबब, प्रयोग स्थिर होईपर्यंत, त्यांना पुढील तीन वर्षे अनसिंग येथून हलवू नये."

मेहबूबभाईनं टाळी अर्ध्यात थांबवली. "साब, ये इनाम हाय का बदला?"

मला आजही सांगता येत नाही. सही मात्र साहेबांनी फार प्रसन्न मनानं केलेली दिसत होती.

सुटीच्या दिवशी तो कागद अंजनाला दाखवला. तिनं दोनदा वाचला. पोरींच्या शाळेची फी भरायची रांग, रॉकेलची रांग, दवाखान्याची रांग, सगळ्या तिलाच लावायच्या होत्या.

"साठ मानसायले वळन लावलं तुमी," ती म्हणाली. "लय मोठं काम केलं." आणि घागर घेऊन नळावर निघाली.

आता एकदाच काय ते मांडतो. साहेबांचा गेला एक दिवस. भागिरथाबाईचं काही गेलं नाही. उलट माझं स्टूल तिच्याकडं राहिलं. इंद्रभानच्या गुंड्या वाचल्या. गावाला मिळाली रांग, आणि मला ते पत्र, जे मी काच लावून भिंतीवर टांगलं आहे. तीन वर्षं कागदोपत्री माझ्या नावावर पडली. भरली ती अंजनानं.