शिंक हापिस

“एकही शिंक नोंदीवाचून सुटता कामा नये.”

उद्घाटनाच्या दिवशी नारळ फोडता फोडता डॉ. विजयसिंह साहेबांनी दिलेली ही सूचना अजून माझ्या कानात आहे. पहाटे देवापुढं डोळे मिटले की आधी तीच ऐकू येते, स्तोत्र मागाहून येतं. देवाला कुणी वरिष्ठ नाहीत, त्यामुळं आमच्यासारख्यांची अडचण त्याला कितपत कळत असेल, कोण जाणे.

योजना फार चांगली होती, हे मी आजही म्हणेन. इन्फ्लुएन्झा आणि तत्सम श्वसनविकारांची साथ वेळीच ओळखता यावी म्हणून कोल्हापुरात प्रादेशिक निरीक्षण केंद्र स्थापन करण्यात आलं. ज्याला ताप-खोकला आहे त्याच्या नाकात काडी फिरवून नमुना घ्यायचा, तो प्रयोगशाळेला पाठवायचा आणि दर सोमवारी मोठ्या हापिसात अहवाल द्यायचा. कुठला ताप कुठून कुठं निघाला आहे हे आधी कळलं, की दवाखान्यांना तयारीला सवड मिळते. केंद्रात आम्ही तिघंच. समन्वयक म्हणून साहेब, परिचारिका म्हणून मी आणि शिपाई पिराजी. केंद्राचं पूर्ण नाव पाटीवर मावलं नाही, आणि गल्लीतल्या कुणाच्या तोंडातही मावलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याचं ‘शिंक हापिस’ झालं.

जागा मिळाली ती एका जुन्या दवाखान्याच्या दोन खोल्यांत. भिंतीला भिंत लावून हाफिजाभाभींचं मिरची कांडप. कोल्हापूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. शिमग्याच्या सुमारास इथं घरोघरी वर्षाची चटणी होते. मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, कांदा, लसूण, खोबरं परतायचं, सगळं डब्यात भरून कांडपावर न्यायचं आणि आपली मिरची कुटून होईपर्यंत यंत्रासमोरून हलायचं नाही. यंत्रावर सगळ्यांचा विश्वास असतो. मागं उभ्या असलेल्या बाईवर नसतो. भाभींचं यंत्र जेमतेम दोन-अडीच महिने धडधडतं, त्यावर त्यांचं घर बारा महिने चालतं. मुलगी हुस्ना नर्सिंगला आहे, तीही त्या धडधडीवरच.

केंद्र सुरू झालं गणपतीच्या दिवसांत. गल्लीत घरटी एक नाक वाहत होतं, पण केंद्राची पायरी कुणी चढेना. “सर्दी म्हंजे काय रोग हाय व्हय?” शालूबाई मला म्हणाल्या. शालूबाई म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र, आणि त्याला सुट्टी नसते. “पांढरा रस्सा प्याला की उतरती. सरकारच्या नाकाला का पानी लागलंय मधनं?”

पिराजी काड्या घेऊन तालमीत गेला. तिथं उदयसिंह पैलवान म्हणाला, “नाकात काडी घालायची न्हवं? घाला की. पर आदी आखाड्यात या, चितपट करा आन् मग घाला.” पिराजी काड्यांसकट परत आला.

परिणामी आमचा अहवाल दर सोमवारी निरंक जाऊ लागला. वरून पत्र आलं की राज्यातल्या सर्व विभागांत लोक शिंकत असताना फक्त आपल्याच विभागात शिंकत नाहीत, याचा खुलासा करावा. साहेबांनी खुलासा केला की येथील हवापाणी उत्तम आहे. त्यावर उत्तर आलं की हवापाणी हा आपल्या विभागाचा विषय नाही.

असं करत शिमगा आला. भाभींचं यंत्र सुरू झालं आणि खिडकीबाहेर बायकांची रांग लागली. पहिला डबा उघडला तशी रांग एका सुरात शिंकली. पिराजी खिडकीशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच कर्तव्याचं तेज पाहिलं.

“आक्का, ह्या हितं शिंकत्यात आन् आपण आत माश्या मारतोय.”

“अरे, ती मिरची आहे.”

“मिरची आत हाय. भाईर शिंकच येतीया की.”

साहेबांना हा युक्तिवाद पटला. पिराजीनं भाभींना विनंती केली की ज्या बाईनं नाकात काडी घालून घेतली तिचाच डबा यंत्रावर घ्यावा. भाभी मोठ्या मनाच्या. म्हणाल्या, “घ्या की. शेजारधर्म हाय. आन् आक्का, तुमच्या वरच्या सायबांनी फोनवर तुमास्नी सारखं बोलल्यालं मला भिंतीतनं ऐकू येतंय. मला बी वंगाळ वाटतं.”

त्या सोमवारी अहवाल पाठवायला पाकीट मोठं लागलं. पुढच्या सोमवारी त्याहून मोठं. आलेख असा चढला की साहेबांनी कागदाला वर दुसरा कागद चिकटवला. मी हळूच म्हटलं, “साहेब, शेजारी मिरची कुटतात, एवढं तरी अहवालात लिहूया.”

साहेबांनी विहित नमुना माझ्यापुढं सरकवला. “कारणांच्या यादीत बघा, सिस्टर. मनुष्य आहे, पक्षी आहे, डुक्कर आहे. मिरची कुठं आहे?”

“नाही आहे.”

“मग आपण पदरचं कसं लिहायचं?”

आठवड्याभरात प्रयोगशाळेचा निष्कर्ष आला. एकाही नमुन्यात ज्ञात विषाणू आढळला नव्हता. मी मनोमन अंबाबाईला हात जोडले, की सुटले. साहेबांनी मात्र निष्कर्ष दोनदा वाचला आणि ते खुर्चीवरून सावकाश उठले. “ज्ञात नाही,” ते म्हणाले. “याचा अर्थ कळतो का, सिस्टर? अज्ञात आहे.”

मग वरून पथक आलं. पथकानं फार शास्त्रशुद्ध काम केलं. त्यांना आढळलं की हा आजार मुख्यतः गृहिणींना होतो. लक्षणं दिसण्यापूर्वी रुग्णाच्या हातात झाकणाचा डबा असतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ श्वास आत घेण्याइतका असतो. घरातल्या पुरुषांना हाच आजार डबा उघडल्यावर होतो. याच सुमारास साथ कबनूरला पोचली, कारण शालूबाईंची लेक तिथं दिली आहे आणि आईनं तिला ताज्या चटणीची बरणी धाडली होती. मागोमाग कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत अख्खी पाळी शिंकली. तिथं शालूबाईंचा भाचा कामाला आहे. नकाशावर गल्लीपासून कबनूर आणि कागलपर्यंत दोन लाल रेषा ओढण्यात आल्या. पथकप्रमुखांनी शालूबाईंकडं बोट करून त्या महाप्रसारक असल्याचं जाहीर केलं.

“आता कळलं व्हय?” शालूबाई म्हणाल्या. “अख्ख्या गल्लीत माझीच चटनी लांबवर पोचती.”

शनिवारी आदेश निघाला. उद्रेकाचा केंद्रबिंदू असलेलं भाभींचं यंत्र सील. ऐन हंगामात. भाभी लाखेकडं बघत उभ्या होत्या. “आक्का,” त्या म्हणाल्या, “मी तर काड्या घालू दिल्या. न्हाय म्हटलं आसतं तर चालू ऱ्हायलं आसतं की ओ.”

यंत्र बंद झालं आणि दुसऱ्याच दिवशी साथ आटोक्यात आली. एकही शिंक नाही. आता तरी लोकांच्या ध्यानात येईल असं मला वाटलं, आणि आलंही. वरिष्ठांच्या ध्यानात आलं की प्रतिबंधक उपाय शंभर टक्के यशस्वी ठरला आहे. साहेबांना शाल आणि श्रीफळ मिळालं. मी यंत्र उघडण्याचा विषय काढला तेव्हा ते दुखावल्यासारखे झाले. “बंद केल्यावर साथ थांबली, सिस्टर. याहून मोठा पुरावा कुठला?”

बरीच विनवणी केल्यावर एक अट मिळाली. परिसर सलग महिनाभर श्वसनलक्षणमुक्त राहिला तर सील काढण्यात येईल. महिना गेला तरी हंगामाचं शेपूट हाती राहत होतं. भाभी आमच्या पायरीवर पदर आवळून बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. “अक्षय्यतृतीयेच्या आत तुमचं यंत्र सुरू होईल. हा माझा शब्द.”

“तुमी उगाच शब्द देनाऱ्या न्हाय,” भाभी म्हणाल्या. हुस्नाच्या कॉलेजात त्यांनी फीसाठी थांबायला सांगितलं.

शालूबाईंनी गल्ली हाती घेतली. प्रत्येकीच्या मिरच्या घरात वाळून पडल्या होत्या, आणि वर्षभर दुकानातली चटणी खाण्याची नामुष्की कुणालाच नको होती. गल्लीत शिंकायचं नाही, असा ठराव झाला. शिंक आली तर उशीत तोंड घालायचं. खोकला आला तर घास लागला म्हणायचं, जेवत नसलात तरी. दर सोमवारी मी निरंक लिहीत गेले. तोच निरंक. पूर्वी त्याला कामचुकारपणा म्हणत, आता त्याला यश म्हणू लागले.

महिना सरत आला, आणि खरा ताप आला.

तो कुठून आला मला सांगता येणार नाही, कारण सांगण्याचं काम आमच्याच केंद्राचं होतं. आधी कोपऱ्यावरच्या घरातली पोरं आडवी झाली, मग त्यांचा बाप. अंग मोडून येणं, फणफणता ताप, कोरडा खोकला. यात मिरचीचा काही संबंध नव्हता. गल्लीतल्या उश्या पुरेनात. आखाड्यात न लोळलेला उदयसिंह घरात घोंगडी घेऊन लोळत होता, आणि त्याची आई दारात सांगत होती, “कुस्ती लई झाली, दुसरं काय न्हाय.”

पिराजी कामावर आला तो डोळे लाल करून. मी काडी काढली तशी त्यानं नाकावर हात ठेवला.

“आक्का, घालू नगा. आता ह्या काडीत कायतरी सापडंल. भाभींचं यंत्र बंदच ऱ्हाईल, आन् माज्या नाकापायी ऱ्हायलं म्हटल्यावर बायकू मला घरात घ्यायची न्हाय.”

“अरे पण केंद्र यासाठीच आहे ना?”

“व्हय,” पिराजी म्हणाला. “पर आपल्याला गल्लीत ऱ्हायाचंय.”

मी काडी ठेवून दिली. त्याला तुळशीचा काढा दिला आणि घरी पाठवला. हजेरीत ‘कौटुंबिक कार्य’ लिहिलं.

शेवटची आढावा बैठक शुक्रवारी झाली. साहेब बोलायला उठले. त्यांचे कान लाल झाले होते, आवाज बसला होता. “प्रादेशिक निरीक्षणाच्या या आदर्श पद्धतीमुळं आपला विभाग आज पूर्णपणे—” इथं ते शिंकले. एकदा नव्हे. समोरच्या रांगेतल्या मान्यवरांनी रुमाल काढले, काहींनी आपापल्या शिंकाही त्यातच उरकून घेतल्या. साहेबांनी पाणी घेतलं. “एसीचा त्रास,” ते म्हणाले, आणि सगळ्यांनी समजुतीनं मान हलवली. हीच मान हलवणारी मंडळी संध्याकाळी आपापल्या तालुक्याला गेली. ती कुठल्या रेषेनं गेली, ते नकाशावर काढायला कुणी नव्हतं.

आज सोमवार. महिना पुरा झाला. परवा अक्षय्यतृतीया. अखेरचा निरंक अहवाल परिचारिकेनं स्वतः मोठ्या हापिसात नेऊन दिला, की दुपारी सील निघेल. पहाटे उठले तर अंग तव्यासारखं तापलेलं. हात देवाच्या समईपर्यंत जाईना. तरी पूजा केली, उपवासाची भगर पोटात ढकलली, तापाची गोळी घेतली. खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम आहे. लिहिण्याबद्दल आमच्या गुरूंनी काही सांगितलेलं नाही. मी अहवालावर सही केली, फाइल पदराखाली घेतली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

केएमटीच्या बसमध्ये गर्दी होती. तुम्ही सरकून मला जागा दिलीत, देव तुमचं भलं करो. बसता बसता तुम्हाला खोकल्याची उबळ आली आणि मी विचारलेलं नसताना तुम्ही म्हणालात, “धुळीची ॲलर्जी हो, बाकी काही न्हाय.” मी मान हलवली, नाकावर पदर घेतला आणि कंडक्टरला खुणेनंच मोठ्या हापिसाचं तिकीट मागितलं.