पेशकारसाहेबांचा नववा झेंडा

निजामाच्या राज्यात छावणीच्या मैदानावर आम्ही हौशी मंडळी गोल्फ खेळायचो, तेव्हा नऊ झेंड्यांचा, म्हणजे नऊ खळग्यांचा, डाव आयुष्यात एकदाही पुरा न केलेला माणूस एकच होता. मोइनोद्दीन पेशकार.

खेळ वाईट नव्हता. अडचण होती ती अदबीची. मागून येणारा भरभर खेळत असेल तर बाजूला व्हावं, त्याला पुढं जाऊ द्यावं, असा या खेळाचा रिवाज. पेशकारसाहेबांनी तो इतका मनावर घेतला होता, की मागं लांबवर धूळ दिसली तरी ते काठी खाली ठेवायचे. "आप निकलो साब, हमकू जल्दी नहीं," हे त्यांचं पालुपद. मग येणाऱ्याची तब्येत, त्याच्या वडिलांची तब्येत, म्हैस असेल तर म्हशीचीही. कोर्टातल्या नोकरीत उभी हयात कोणाची मिसल, म्हणजे खटल्याचे कागद, आधी, कोणाची नंतर हे लावण्यात गेली; पेन्शनीत आल्यावर स्वतःची मिसल त्यांनी कायमची तळाशी टाकली होती.

आमच्या मैदानावर हिरवळ कुठली? झेंड्याभोवती, उडू नये म्हणून तेल पाजलेली, वाळू असायची. तिच्यावर उमटलेली पावलं ज्यानं त्यानं फळी ओढून मोडायची, हा दुसरा रिवाज. पेशकारसाहेब स्वतःची मोडायचे, दुसऱ्याची मोडायचे, शेळीचीही मोडायचे. एक डॉक्टर पावलं तशीच टाकून जायचे. पेशकारसाहेब त्यांना चकार शब्द बोलले नाहीत. फळी घेऊन दोन झेंडे मागं मागं चालले. तिसऱ्यावर डॉक्टरांनी स्वतःच फळी मागून घेतली.

अशात हिवाळी सामन्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या नि माझी जोडी पडली नेमकी त्यांच्याशी. मी उस्मानपुऱ्यातला ड्रॉइंग मास्तर. यंदा कप आणतोच, असं घरी सांगून बसलेलो. बायकोनं कोनाड्यातली समई हलवून जागासुद्धा केली होती.

आमची जोडी सगळ्यांत आधी सुटली. पहिला झेंडा झकास झाला. दुसऱ्यावर दोन वकील मागून आले; त्यांना वाट दिली. मग डॉक्टर. मग मी ज्यांना ओळखतही नव्हतो असे चौघं. मी साहेबांना हात जोडून सांगितलं, आज सामना आहे. ते व्हय म्हणाले आणि मेंढरांच्या कळपाला वाट द्यायला बाजूला झाले. मेंढरं संपली तर मैदानातून दौलताबादेकडं निघालेलं वऱ्हाड आलं. साहेबांनी नवरदेवाला सलाम केला, घोड्याचं वय विचारलं, वरबापाला मिठी मारली. वरबाप आम्हाला जेवायलाच चला म्हणू लागला. मी साहेबांना शेरवानीला धरून ओढत आणलं.

चौथ्या झेंड्यापाशी सूर्य टेकला आणि लांबून टाळ्या ऐकू आल्या. कप वकिलांना मिळाला होता.

माझं डोकं फिरलं. मी विचारलं, "साहेब, तुम्हाला डाव पुरा करायचाच नसतो का?"

ते वाळूवर फळी ओढत होते. ओढतच राहिले.

"मास्तर, बेगम गेली, लेक हैदराबादेत. डाव लवकर संपला तर लवकर घरी जावं लागतं," ते म्हणाले. "घरी दार लावलं की सकाळपर्यंत कुणी बोलत नाय. इथं वाट दिली की माणूस थांबतो. नाव घेतो."

मी फळीचं दुसरं टोक धरलं.

पुढच्या सुट्टीला मी मुद्दाम एकटाच गेलो. साहेब पुढं होते. मला पाहताच नेहमीप्रमाणं बाजूला झाले. मी त्यांच्याजवळ गेलो आणि पुढं काही जाईना. आपण बरोबरच खेळू म्हणालो. त्यांनी मागं पाहिलं. त्या दिवशी मागं कुणी नव्हतं. तब्येतीच्या चौकशा आमच्या आम्हीच केल्या, माझ्या सासऱ्यांपर्यंत. बोलता बोलता ऊन असतानाच नववा झेंडा झाला.

तिथं ते चेंडू हातात घेऊन उभे राहिले. नवव्यानंतर लोक काय करतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आमच्याकडं जेवायला येतात," मी म्हणालो.

ते थोडा वेळ टोपी सारखी करत राहिले. मग हळूच विचारलं, घरी मंडळी किती?

"सात," मी म्हणालो. "आणि सगळी एकदमच बोलतात."