फुलीची माणसं

नातीचे दुधाचे दात पडले आणि आजीला कवळी बसली, त्या वर्षी आजी वाचायला शिकली. दोघींना अक्षरं सूनबाईंनीच शिकवली, स्वयंपाकघरातल्या एकाच टेबलाशी बसवून. दोघींच्याही तोंडातून ‘स’ शिट्टी वाजवत बाहेर पडे. नात पुढं शाळेत गेली. आजीला कुठली शाळा घेणार? ती कादंबऱ्यांत गेली.

सूनबाई वाचनालयात ग्रंथपाल होत्या, पण तात्पुरत्या. त्यांना कायम करायचं की नाही, ते कमिटी ठरवणार होती. तिथं शनिवारी दुपारी खिडकीजवळच्या लांब टेबलाभोवती वाचणारी मंडळी जमत. ज्यानं त्यानं काय वाचलं ते सांगायचं आणि आवडलं असेल तर दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं. हेडमास्तर ऐतिहासिक कादंबरी सोडून कशाला हात लावत नसत. कमिटीतही तेच होते. दंतवैद्य बाईंना पंखवाले अजगर आणि शापित राजपुत्र लागत. त्याला हेडमास्तर ‘हवेतले इमले’ म्हणत. सुतारकाका कानावर पेन्सिल खोचून येत, दोन्ही प्रकारचं वाचत आणि दोन्हींत खोड काढत.

“तलवार बोलते म्हणता ना? मग पहिल्या भागात बोलते आणि तिसऱ्यात मुकी का? जादू असली तरी सांधा जुळला पाहिजे.”

टेबलाचा नियम एकच होता. शेवट सांगायचा नाही.

आजीला पहिली कादंबरी हेडमास्तरांनी सुचवली. वेढा पडलेला किल्ला, आत एक म्हातारा वैद्य. आजीचा त्या वैद्यावर जीव बसला, आणि शेवटी शेवटी वैद्य गेला. आजीनं जेवण टाकलं.

“आई, अगं तो खरा नव्हता,” मुलगा म्हणाला.

“मग ते आधी सांगायचं. आता काय उपयोग?”

आजीचं सगळं आयुष्य शर्टांच्या कारखान्यात गेलं होतं. शिवून आलेला शर्ट उजेडात धरायचा, आणि बाद असेल तर आतल्या बाजूला खडूनं बारीक फुली मारायची. म्हणजे पुढची बाई त्याला बटणं लावत बसत नाही. जो शर्ट जायचाच आहे, त्यावर बटणं कशाला घालवा? आजीला वाटलं, माणसांचं तरी दुसरं काय आहे. तेव्हापासून पुस्तक घरी आलं की ती आधी शेवटची प्रकरणं वाची, कोण कोण जातं ते बघे, आणि जिथं तो माणूस पहिल्यांदा येई तिथं त्याच्या नावावर पेन्सिलीनं बारीक फुली मारी. फुलीच्या माणसावर जीव लावायचा नाही. बाकीच्यांवर खुशाल लावायचा. ही सोय तिनं आपल्यापुरती केली होती. तेच पुस्तक पुढं दुसऱ्याच्या घरी जातं, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. कारखान्यातून गेलेला शर्ट कधी कुणी परत आणला नव्हता.

एका शनिवारी हेडमास्तरांनी हातातलं जाडजूड पुस्तक टेबलावर आपटलं.

“यात नावांवर फुल्या आहेत. आधी मला वाटलं छपाईचा दोष. चौथा माणूस मेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता सेनापती अजून जिवंत आहे, घोड्यावर बसलाय, चांगला हसतोय. आणि त्याच्या नावावर फुली आहे. मी त्याच्याकडे कुठल्या तोंडानं बघू?”

“माझ्या अजगरावरपण आहे,” दंतवैद्य बाई म्हणाल्या.

“म्हणजे तो मरतो?” सुतारकाकांनी विचारलं. त्यांचा नंबर त्या पुस्तकाला पुढचा होता.

“शेवट सांगायचा नाही, काका.”

“आता काय राहिलंय सांगायचं?”

आजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हेडमास्तर सूनबाईंकडे वळले. “जो कोण असेल त्याचं सभासदत्व रद्द होईल. पण बाई, पुस्तकं परत येतात तेव्हा तुम्ही ती तपासता की नाही? कमिटी मला हेच विचारणार.”

 घरी आल्यावर दाराशी चपला काढताना सूनबाई म्हणाल्या, “आई, कोण करत असेल हो असं?”

“असेल कुणी बिचारं,” आजी म्हणाली. सगळ्या जन्मात तिनं बाद माल कधी चांगला म्हणून पुढं ढकलला नव्हता. आता आपणच बाद निघालो, आणि फुली बसणार ती सुनेवर.

दुसऱ्या दिवसापासून आजी पिशवी भरून पुस्तकं घरी आणू लागली. सूनबाईंना वाटलं, म्हातारीला वाचनाचा नाद फारच लागला. आजी बाल्कनीत पाठ करून बसे आणि नातीच्या खोडरबरानं फुल्या खोडी. खोडरबर गुलाबी होतं, वासाचं. फुली गेली, पण तिच्या जागी गुलाबी डाग आला आणि त्याला स्ट्रॉबेरीचा वास येऊ लागला. मरणारा माणूस आधी भिंग लावून शोधावा लागे. आता तो डोळे मिटूनही सापडला असता.

मग आजीनं दुसरी अक्कल चालवली. फुली सगळ्यांवरच असली तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून न मरणाऱ्या चार लोकांवरही तिनं फुल्या ठोकल्या. पुढच्या शनिवारी हेडमास्तर आले ते लालबुंद होऊन.

“आठवडाभर मी या पुस्तकातल्या राणीसाठी तोंड पाडून बसलोय. घरात कुणाशी बोललो नाही. आणि बाई शेवटच्या पानावर ठणठणीत, राज्य करतेय!”

“मग चांगलंच झालं की,” सुतारकाका म्हणाले.

“चांगलं काय? माझं दुःख फुकट गेलं, त्याचं काय?” हेडमास्तरांची नजर काकांच्या कानावर गेली आणि तिथंच थांबली. “काका, या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसणारे तुम्ही एकटेच.”



“सर, माझी पेन्सिल जाड असते. फळ्या आखायची. ह्या फुल्या बारीक आहेत.”

“टोक काढता येतं.”

 सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि टेबलावर ठेवली. त्या रिकाम्या कानानं ते एकदम म्हातारे दिसू लागले. मग त्यांनी पिशवी उचलली आणि खुर्ची मागं सरकवली. आजी पहिल्यांदा या टेबलाशी आली तेव्हा ती एका ओळीवर अडखळत होती आणि बाकीचे घड्याळ बघत होते. तेव्हा हेच काका म्हणाले होते, “होऊ द्या सावकाश, वहिनी. रंधा दमानंच मारावा.”

“पेन्सिल त्यांची नाही,” आजी म्हणाली. “माझ्या नातीची आहे.”

“म्हणजे नातीनं फुल्या मारल्या?”

“नातीनं नाही. मी.”

मग तिनं सगळं सांगितलं. वैद्य, शर्ट, बटणं, खोडरबर आणि त्या चार निरपराध माणसांसकट. सांगताना कवळी हलू लागली आणि ‘स’ पुन्हा शिट्टी वाजवू लागला. तिनं सुनेकडे बघितलं नाही. पण सूनबाई फरशीकडे बघताहेत, हे तिला न बघताही कळत होतं.

पहिले बोलले सुतारकाका. खुर्ची पुढं ओढून ते खाली बसले. “वहिनी, माझ्याकडं तो आंधळा गवंडी अर्ध्यावर आहे. त्याच्यावरची फुली खरी की खोटी?”

“शेवट सांगायचा नाही,” हेडमास्तर म्हणाले, पण जोर गेला होता. काकांची पेन्सिल त्यांनी बोटानंच त्यांच्याकडे सरकवली.

शिक्षा अशी ठरली की आजीनं वाचनालयात बसून सगळी पुस्तकं साफ करावीत, पांढऱ्या खोडरबरानं. आजी रोज जाऊन बसे, आणि येणारे-जाणारे ‘ह्याच त्या’ अशा नजरेनं बघत. सूनबाईंना कमिटीनं कायम केलं. हेडमास्तर तिथं म्हणाले होते म्हणे, “घरचाच गुन्हेगार बाईंनी लपवला नाही, एवढं पुरे.” खरं तर त्यांना पत्ताच नव्हता. सूनबाई बरेच दिवस आजीशी कामापुरतंच बोलत. मग एक दिवस त्यांनी एक पुस्तक आणून समोर ठेवलं. शेवटच्या प्रकरणांना कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला.

“दंतवैद्य बाईंनी सुचवलंय. चिमटा मी लावलाय, आई. तिथवर पोचेपर्यंत काढायचा नाही.”

त्या पुस्तकात एक नदी होती, ती वर्षातून एकदा उलटी वाहायची, आणि एक नावाडी होता, तो लोकांना गेलेल्या माणसांशी तेवढ्यापुरतं भेटवून आणायचा. तोंडाचा फटकळ, मनाचा मऊ. त्या वैद्यानंतर आजीनं पहिल्यांदाच पहिल्या पानापासून पुस्तक वाचलं. चिमटा निघाला त्या दिवशी ती भांडी घासायच्या जागी नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. पण जीव लावल्याचा पस्तावा काही झाला नाही.

मग ते पुस्तक हेडमास्तरांनी नेलं. कुणाला न दाखवता, खाकी कव्हर घालून. पुढच्या शनिवारी ते पाण्याच्या फिल्टरपाशी आजीच्या जवळ आले. हातातलं पुस्तक अर्ध्याच्या पुढं गेलं होतं.

“बाई, एक विचारू? कुणाला बोलू नका.” त्यांनी मागं वळून बघितलं. “तो नावाडी. राहतो ना हो?”

हवेतल्या इमल्यांना हसणारा माणूस भरलेला ग्लास हातात धरून उभा होता. आजीला मान वर करवेना. सांगितल्याची लाज तिनं पुरती भोगली होती. न सांगण्याचीही लाज असते, हे तिला ठाऊक नव्हतं.

“तुम्ही बटणं लावा, सर,” ती म्हणाली.

हेडमास्तरांचा चेहरा उजळला. ते पाणी न पिताच टेबलाशी जाऊन बसले, चष्मा पुसला आणि सगळ्यांच्या देखत पुस्तक उघडलं.

नावाडी मेला. शेवटून दुसऱ्या प्रकरणात, नदी पुन्हा सरळ वाहू लागली त्या सकाळी, होडी काठाला लागल्यावर.