पुढे काही नाही

पंपमास्तरांना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि तो मिरवायला समोर कोणी नाही, हीच त्या अभिमानाची शान होती. सतरा वर्षं ते डोंगरावरच्या पंपघरात नोकरीला होते. या सतरा वर्षांत त्यांनी कामापायी रोज फक्त दोन शब्द खर्च केले होते. सकाळी दहाला खाली शहरातून, पाणीखात्याच्या मुख्य कचेरीतून फोन यायचा. मास्तर म्हणायचे, "सगळं ठीक." की फोन खाली!

दोन पंप, एक टाकी, एक प्रेशरचा काटा, एक नोंदवही, मागे दोन खोल्यांचं क्वार्टर आणि क्वार्टरमध्ये बायको. मास्तरांच्या हिशेबी यातली शेवटची गोष्ट सोडली तर सगळंच अतिशय शांत होतं.

"अहो, माझ्याशी तरी बोला काहीतरी!" बायको म्हणायची.

"काल बोललो की."

बिचारी मग पंपांशी बोलायची. त्यातल्या त्यात एक नंबरचा पंप तिला जास्त माणसाळलेला वाटायचा.

आता अशा सुखी माणसाच्या डोक्यात सुधारणेचा किडा वळवळायचं काही कारण नव्हतं. पण वळवळला! झालं असं की, डोंगर चढून आलेला रस्ता फाट्यावर दुभंगायचा. उजवीकडचा पलीकडच्या गावांना जायचा आणि डावीकडचा थेट पंपघराच्या फाटकाशी येऊन संपायचा. महिन्याकाठी तीन-चार गाड्या चुकून डावीकडे वळायच्या. काच खाली व्हायची. "पुढे काय आहे हो?" "पुढे काही नाही." म्हणजे बघा, महिन्याला बारा-बारा शब्द नाहक वाया! मास्तरांच्या जिवाला ते लागायचं.

"एक पाटी ठोकतो फाट्यावर," एके दिवशी त्यांनी जाहीर केलं. "पुन्हा म्हणून इकडे कोणी फिरकणार नाही. लिहून घे!"

मोटारीच्या जुन्या खोक्याचा पत्रा होता, पंपाला लावून उरलेला निळा रंग होता. मास्तरांनी ठळक अक्षरांत लिहिलं, "पुढे काही नाही". पाटी फाट्यावर ठोकली, चार पावलं मागे जाऊन पाहिली आणि स्वतःवरच खूश होऊन घरी आले.

पाचव्या दिवशी फाटकाशी एक मुलगी उभी. पाठीवर सॅक एवढी मोठी की मागून पाहिलं तर सॅकच पाय फुटून चालत आल्यासारखी वाटावी.

"काका, खरंच पुढे काही नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"म्हणजे धबधबा, किल्ला, पॉइंट वगैरे काहीच...?"

"पंप आहे."

"कित्ती सुंदर!" सॅकवालीचे डोळेच भरून आले. "काका, मी चार वर्षं असंच ठिकाण शोधतेय. जिथे जाईन तिथे मेली माणसंच माणसं! मी कुणालाही सांगणार नाही हं हे."

आणि तिने शब्द पाळला. कुणा एकाला म्हणून सांगितलं नाही. पाटीचा फोटो काढून, खाली "कुणाला सांगू नका" असं लिहून, फक्त चाळीस हजार लोकांना पाठवला.

पुढच्या रविवारी अकराजण आले. त्याच्या पुढच्या रविवारी किती आले ते मास्तरांनी मोजायचं सोडून दिलं. ही सगळी मंडळी गर्दीला कंटाळलेली होती, आणि गर्दीला कंटाळलेल्यांची ही एवढी गर्दी! पायात दगड फोडतील असे बूट, कमरेला दोरखंड, कपाळावर बॅटरी. वास्तविक फाटकापर्यंत चांगला डांबरी रस्ता होता. पण ही माणसं तो टाळून शेजारच्या काटेरी उतारावरून खरचटत यायची, कारण रस्त्याने काय, कोणीही येतं!

"आम्ही आलो तेव्हा इथे कोणी म्हणजे कोणी नव्हतं," एक दाढीवाला एका चष्मेवाल्याला ऐकवत होता.

"कधी आला होता तुम्ही?"

"मंगळवारी."

चष्मेवाला बुधवारी आला होता. तो खजील झाला.

मास्तरांनी पहिली पाटी कमी पडली असेल म्हणून खाली दुसरी लावली, "खरोखर काही नाही". माणसं दुप्पट झाली. तिसरी लावली, "परत जा". लोक त्या पाटीला टेकून फोटो काढू लागले. "काय प्रामाणिक गाव आहे!" असं एकजण म्हणाला. गाव कुठलं? मास्तर, बायको आणि दोन पंप!

इंटरनेटवर लोकांनी ठिकाणाला गुण द्यायला सुरुवात केली. बायको ते रोज मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवायची. "पाच तारे. काहीही नाही. अप्रतिम." "पाच तारे. यापेक्षा कमी काही असूच शकत नाही." एकानेच चार दिले होते. लिहिलं होतं, "थोडं काहीतरी आहे. झाडाआडून पंप दिसतो."

खरं सांगायचं तर बायको मजेत होती. सतरा वर्षांचं तुंबलेलं बोलणं तिने पंधरा दिवसांत मोकळं केलं. आल्यागेल्याला चहा, उकडलेली अंडी, पंपांची ओळख! "हा एक नंबर. स्वभावाने गरीब आहे. दोन नंबर जरा तापट." टाकीतून सांडणाऱ्या जादा पाण्याला लोकांनी धबधबा ठरवलं. पंपाच्या गुणगुणण्यापुढे पाचसहाजण डोळे मिटून बसू लागले. मास्तर ग्रीसचा डबा घेऊन त्यांना ओलांडून ओलांडून काम करायचे. तोंडातून शब्द नको म्हणून ते हातानेच "बाजूला व्हा" अशी खूण करत. दुसऱ्या दिवशी पाहतात तो सगळे बसल्या जागी तीच खूण करतायत!

आणि मग तो बुधवार उगवला. फाटकाबाहेर शहराला पाणी नेणाऱ्या मोठ्या नळाचं लोखंडी चाक होतं. मंगळवारी संध्याकाळी दाढीवाल्याने त्या चाकासोबत फोटो काढून घेतला होता. नुसतं धरून उभं राहिलं तर फोटोत जिवंतपणा येत नाही, म्हणून फिरवलंही होतं. चांगलं शेवटपर्यंत!

दहाला फोन वाजला.

"सगळं ठीक," मास्तर म्हणाले.

"डोंबलाचं ठीक!" फोनवर खुद्द मोठे साहेब होते. "सकाळपासून शहरात टिपूस नाही! माझ्या तोंडाला साबण लागलाय, मास्तर! आणि हे काय ऐकतोय मी? तिथे म्हणे पर्यटक येतात?"

मास्तर तिसरा शब्द शोधू लागले. एवढ्या वर्षांत तो कधी लागलाच नव्हता.

"उद्या अकरा वाजता मी स्वतः येतोय," साहेब गरजले. "आवारात खात्याबाहेरचं एक जरी माणूस दिसलं ना, तर उचलून खाली आणीन आणि चौकशीच्या खिडकीत बसवीन तुम्हाला!"

मास्तर मटकन खुर्चीत बसले. चौकशीची खिडकी! पाणी का आलं नाही, आलं तर गढूळ का आलं, हे विचारायला अख्खं शहर त्या खिडकीशी उभं असतं. त्या खिडकीतला आधीचा कारकून घरी बायकोने "जेवायला येताय ना?" विचारलं तरी "अर्ज द्या" म्हणायचा. शेवटी त्याचा आवाजच गेला, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. मास्तरांनी चाक उलटं फिरवून पाणी सोडलं आणि सरळ बायकोपुढे हात जोडले.

"काहीतरी कर. ही माणसं घालव."

"एका दमात पाच शब्द!" बायको म्हणाली. "प्रकरण गंभीर दिसतंय. द्या तो रंगाचा डबा."

तिने तिन्ही पाट्या उतरवल्या. तिसरीच्या कोऱ्या पाठीवर सुबक अक्षरांत लिहिलं, "सुप्रसिद्ध सहलीचे ठिकाण! सहकुटुंब या! बसगाड्यांसाठी प्रशस्त जागा. लहान मुलांसाठी आगगाडी. भरपूर गर्दी!"

"आगगाडी कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"गर्दी तरी कुठे राहणार आहे? बघाच तुम्ही."

दुपारी चारला पाटी फाट्यावर लागली. सव्वाचारला दाढीवाल्याने ती वाचली आणि दुःखाने खाली बसला. "संपलं," तो म्हणाला, "हेही बिघडलं!" तासाभरात तंबू उतरले, दोरखंड गुंडाळले गेले, पंपापुढचे डोळे उघडले. चष्मेवाला जाताना म्हणाला, "आगगाडी! काय अवस्था करून ठेवली या जागेची!" सहा वाजता आवारात चिटपाखरू नव्हतं. टाकीतलं पाणी पुन्हा नुसतं सांडायला लागलं.

मास्तरांना बायकोचा इतका अभिमान वाटला की त्यांनी तिला चक्क "वा!" म्हटलं. ती पाटी तेवढी काढायची राहिली. "सकाळी काढू," असं बायको म्हणाली, आणि सकाळी मास्तर पंप पुसण्यात गर्क झाले.

अकराच्या ठोक्याला साहेबांची जीप फाटकातून आत आली. साहेब उतरले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आवार कसं लख्ख, रिकामं! मास्तर ताठ उभे.

"छान," साहेब म्हणाले. "मला उगाच काहीबाही सांगितलं लोकांनी. तुम्ही आपले इथेच..."

पुढचं वाक्य हॉर्नमध्ये बुडालं. जीपच्या मागोमाग एक बस आत शिरली. तिच्यामागे दुसरी. दारं उघडली आणि शहरातल्या निवृत्त कर्मचारी संघाची वार्षिक सहल घडीच्या खुर्च्या, चटया, पत्ते आणि नातवंडांसकट खाली सांडली.

"आगगाडी कुठेय?" एका नातवाने भोकाड पसरलं.

एक आजोबा काठी टेकत तडक साहेबांपुढे आले. "पाटीवर भरपूर गर्दी लिहिलंय. कुठाय गर्दी? आम्ही काय एकमेकांचीच तोंडं बघायची?"

"आजोबा, बसा ना, मी चहा टाकते!" बायको आतून ओरडली.

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी बुटांकडे पाहिलं.

शनिवारी सामान न्यायला ट्रक आला. मास्तर जड मनाने बांधाबांध करायला आत गेले, तर अर्धं सामान आधीच दोरी मारून तयार!

"हे कधी बांधलंस?"

"बुधवारी," बायको म्हणाली. "रंग वाळेपर्यंत हात रिकामेच होते." आणि एक नंबरच्या पंपाचा निरोप घ्यायला ती बाहेर पळाली. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच तिला पुष्कळ काही विचारावंसं वाटलं. पण ट्रकवाला घाई करत होता.

खाली शहरात बायकोला गप्पा मारायला शेजारच्या सहा खिडक्या मिळाल्या आणि मास्तरांना एक. पहिल्या दिवशी रांग जिना उतरून सायकली ठेवतात तिथपर्यंत गेली होती. दुपारपर्यंत मास्तर सतरा वर्षांत बोलले नव्हते तेवढं बोलले. दुसऱ्या दिवशी घसा बसला. घरी बायकोने "मीठ हवंय का?" विचारलं, तर ते खरखरत म्हणाले, "अर्ज द्या." मग मात्र ते घाबरले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातून पहिलीच पाटी कागदात गुंडाळून आणली आणि गुपचूप खिडकीच्या वर टांगली. "पुढे काही नाही."

रांगेतल्या पहिल्या बाईंनी ती वाचली. खिडकीतून आत पाहिलं. टेबल, फायलींचा ढीग, ढिगामागे मास्तर. पुन्हा पाटी वाचली.

"निदान लिहून तरी ठेवलंय," त्या मागच्या गृहस्थांना म्हणाल्या, आणि वळून जिना उतरू लागल्या. गृहस्थांनी मान डोलावली आणि तेही निघाले. एकानेही फोटो काढला नाही. "खरंच काही नाही?" असं कोणी विचारलं नाही. दहा मिनिटांत रांग विरली आणि दालनात फक्त पंखा फिरत राहिला.

दहाला फोन वाजला. वरच्या मजल्यावरून साहेब होते.

"काय मास्तर, कसं चाललंय खिडकीवर?"

मास्तरांनी रिकाम्या दालनाकडे डोळे भरून पाहिलं.

"सगळं ठीक," ते म्हणाले आणि त्यांनी फोन खाली ठेवला.